रिकामा ड्रम रिकामा नसतो

(येडशी येथे ट्रकचालक, गॅरेजवाले, वेल्डर आणि भंगार व्यावसायिक यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



सुरुवातीलाच सांगतो, मी रसायनांचा माणूस नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि सॉफ्टवेअरमध्ये गेलो. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस तुम्हाला ॲसिड, पेट्रोल आणि वेल्डिंगबद्दल काय सांगणार, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते बरोबरच आहे. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच शिकवतात. माणूस चुकणार, थकणार, विसरणार, घाई करणार, हे धरूनच काम आखायचं. "नीट लक्ष द्या" असा बोर्ड लावून कुठलीच यंत्रणा सुरक्षित होत नाही. चूक झाली तरी जीव जाऊ नये, अशी सोय आधी करावी लागते. आज मी हीच एक गोष्ट तुमच्या कामाला लावून बघणार आहे.

येडशीतच हा विषय का? आपलं गाव रस्त्यांच्या तिठ्यावर आहे म्हणून. सोलापूरहून धाराशिवमार्गे बीड, छत्रपती संभाजीनगर आणि पुढं धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ इथून जातो. बार्शीहून ढोकी, मुरूड, लातूरकडे जाणारा ६३ नंबरचा रस्ता त्याला इथंच भेटतो. आजूबाजूला साखर कारखाने आहेत. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारी धोरण आहे, तेव्हा मळीपासून निघणारं इथेनॉल टँकरनंच डेपोपर्यंत जाणार. शिवाय पेट्रोल, डिझेल, गॅस, कॉस्टिक, ॲसिड, बर्फाच्या कारखान्याचा अमोनिया. कारखाना आपल्या गावात नसला तरी कारखान्याचा माल आपल्या चौकातून जातो. आणि तो चालवणारा, धुणारा, दुरुस्त करणारा, शेवटी त्याचा पत्रा कापून विकणारा माणूस आपल्याच वस्तीतला असतो.

टँकरवर काय लिहिलेलं असतं

धोकादायक माल नेणाऱ्या टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागं एक चौकोनी पाटी असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ती बंधनकारक केली आहे. त्या पाटीवर मालाचं नाव, चार आकडी यूएन नंबर, धोक्याचं चित्र असलेली चौकट आणि अपघात झाला तर फोन कुठं करायचा ते नंबर असतात. हा यूएन नंबर जगभर एकच असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, ११७० इथेनॉल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस. १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० गंधकाचं ॲसिड, १७८९ मिठाचं ॲसिड, १८२४ कॉस्टिकचं पाणी. नऊ नंबर आहेत. चौकातला चहावाला एका दुपारी पाठ करू शकतो.

पाटीवर एक छोटा कोडही असतो. त्यातला पहिला आकडा अग्निशमन दलासाठी आहे. १ म्हणजे पाण्याची धार, २ म्हणजे पाण्याचा फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडा पदार्थ, पाणी अजिबात नको. शेवटी इंग्रजी 'ई' अक्षर असेल तर ते आपल्यासाठी आहे. आजूबाजूची माणसं हलवावी लागतील, असा त्याचा अर्थ.

अशा गाडीच्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं खास प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. मालाची पूर्ण माहिती माल पाठवणाऱ्यानं लेखी द्यायची आणि ती केबिनमध्ये ठेवायची, असाही नियम आहे. इथं जे ड्रायव्हर बसलेत त्यांना माझं सांगणं आहे की तो कागद मागून घ्या. "काय आहे आत?" या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय गाडी हलवू नका. उपकार म्हणून कुणी देत नाही हा कागद, तो तुमचा हक आहे.

टँकर उलटला की

आता अवघड गोष्ट. टँकर उलटला की माणसं धावत जातात. काही मदतीला जातात, काही बघायला, काही बादली घेऊन. तिघांचंही मरण सारखंच असतं.

२९ ऑक्टोबर १९८७. पुण्याकडून बंगळूरकडे निघालेल्या पेट्रोलच्या टँकरची पहाटे तीनच्या सुमाराला एका ट्रकशी धडक झाली. टँकर रस्त्याच्या खाली जाऊन कलंडला आणि पेट्रोल गळून साचू लागलं. तेव्हा आग लागली नाही. आग लागली चार तासांनी, सकाळी सव्वासातला. तोवर आजूबाजूचे लोक जमले होते. कित्येक जण भाजले, काही मेले. मेलेल्या एका तरुणाच्या आईनं भरपाई मागितली, तेव्हा न्यायाधिकरण म्हणालं की स्फोटाचा आणि अपघाताचा संबंध नाही. उच्च न्यायालयानं संबंध आहे असं ठरवलं. टँकरमालक सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९१ मध्ये तिथंही निकाल त्या आईच्या बाजूनं लागला. गाडी बंद पडून आडवी झाली तरी ती 'वापरात'च असते, आणि गळती व स्फोट हे त्याच अपघाताचे भाग आहेत, असं न्यायालयानं सांगितलं. भांडण कितीचं होतं? १५ हजार रुपयांचं. पोराच्या जिवाची कायद्यातली तेव्हाची तातडीची किंमत तेवढी होती, आणि तेवढ्यासाठी त्या माऊलीला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

हे पुन्हा होतच असतं. पाकिस्तानातल्या बहावलपूर जिल्ह्यात अहमदपूर शर्किया नावाचं गाव आहे. आपलं लातूरचं अहमदपूर नव्हे. तिथं २५ जून २०१७ ला, ईदच्या आदल्या दिवशी, पेट्रोलचा टँकर उलटला. लोक भांडी, कॅन, बाटल्या घेऊन धावले. दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या लोकांना नुसतं लालची म्हणून मोकळं होऊ नका. गरिबाच्या दारात फुकट पेट्रोल वाहत असेल तर तो काय करेल, हे आधीच माहीत असायला हवं होतं. त्याच्या आड दोरी बांधून उभं राहायला कुणीच नव्हतं, हा खरा दोष.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी उताराला वाहते. गटारात, खड्ड्यात, शेताच्या बांधाआड साचते. रामलिंगच्या घाटात अशी गाडी उलटली तर वाफ ओढ्याकडे सरकणार आणि शंभर पावलांवर विडी पेटवणारा माणूस तिला पेटवणार. मोटारसायकलची किक, ट्रकचा स्टार्टर, कशानंही ती पेटते. पेट्रोलवर पाणी ओतलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पुढं सरकते. इथेनॉलचं आणखी वेगळं. त्याची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात दिसतसुद्धा नाही. माणूस पेटत्या जागेत चालत जातो. १३ अंशांच्या पुढं इथेनॉल पेटण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

म्हणून लक्षात ठेवायच्या गोष्टी चारच. लांब राहा आणि दुसऱ्यांना लांब ठेवा. वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चढावर जा. गाडी चालू-बंद करू नका, आग पेटवू नका. लांबूनच पाटीवरचा नंबर वाचा किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठा करून बघा आणि ११२ ला सांगा. "टँकर उलटलाय" असं सांगणं आणि "११७० नंबरचा टँकर येडशीच्या अलीकडे उलटलाय, गळतोय, वारा गावाकडे आहे" असं सांगणं, यात कित्येक जिवांचा फरक आहे. दुसऱ्या फोननंतर येणारी गाडी योग्य फेस घेऊन येईल. इथेनॉलच्या आगीत साधा फेस विरघळून जातो, त्याला वेगळा फेस लागतो.

क्लोरीनची गोष्टही वाऱ्याचीच. तो हवेच्या अडीचपट जड आहे. १४ जुलै २०१० ला मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ते सिलिंडर १९९७ पासून बेवारस पडून होते. कागदावर त्यांचा मालक सापडत नव्हता, पण गॅसनं तेरा वर्षं वाट बघितली. भंगारवाल्या भाईंनो, हे तुमच्यासाठी सांगितलं. बंद झडपेचा कुठलाही सिलिंडर वजनावर घेऊ नका, त्याची झडप पान्यानं खोलून बघू नका. रिकामा आहे असं विकणारा सांगतो, पण त्याला तो विकायचा असतो.

एका चमच्याचा हिशेब

आता मुख्य मुद्द्यावर येतो. माझ्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं, म्हणून हा विषय माझ्या घरातला आहे. टाकीला, ड्रमाला ठिगळ लावून द्या म्हणणारं गिऱ्हाईक नेहमी एक वाक्य बोलतं, "रिकामाच आहे हो."

आपण हिशेब करू. ड्रम २०० लिटरचा. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्के झाली की मिश्रण पेट घेण्याजोगं होतं आणि साडेसात टक्क्यांच्या आसपासपर्यंत तसं राहतं. २०० लिटरचे १.४ टक्के म्हणजे तीन लिटरहूनही थोडी कमी वाफ. एवढी वाफ किती पेट्रोलमधून तयार होते? सुमारे १५ मिलीलिटर. एक मोठा चमचा. ड्रम उलटा करून निथळला तरी बुडाच्या शिवणीत, गंजात, बुचाच्या आट्यात एवढं राहतंच. भरलेल्या ड्रमात हवेला जागा नसते, म्हणून आतल्या आत तो फुटत नाही. रिकाम्यात हवा आणि वाफ दोन्ही असतात. वरून वेल्डिंगची ठिणगी आपण देतो. म्हणून म्हणतो, रिकामा ड्रम रिकामा नसतो. भरलेल्यापेक्षा तो जास्त भरलेला असतो.

हे फक्त पेट्रोलचं नाही. थिनर, स्पिरिट, इथेनॉल सगळ्यांचं तेच. डिझेल किंवा ऑईलचा ड्रम थंड असताना शांत असतो, पण वेल्डिंगच्या आचेनं आतला थर तापतो आणि वाफ तिथंच तयार होते. पाण्यानं एकदा खळबळून काढला म्हणजे झालं, असं होत नाही, कारण तेलकट पदार्थ पाण्यानं निघतच नाहीत. ग्राइंडर आणि छिन्नीची ठिणगीही तेवढीच वाईट. मोठ्या कारखान्यात अशा कामाला लेखी परवाना लागतो. आधी वाफेनं किंवा निष्क्रिय गॅसनं टाकी साफ करतात, यंत्रानं आतली हवा तपासतात, मगच काम. आपल्या टपरीवर ते यंत्र नाही. मग आपल्याकडे एकच सुरक्षित उत्तर उरतं, "हे काम मी घेत नाही." दोनशे-तीनशे रुपयांचं काम सोडणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. म्हणूनच हे एकट्या दुकानदारावर सोडू नका. येडशीतल्या सगळ्या वेल्डरांनी मिळून ठरवलं की ड्रमाला ठिगळ लावायचं नाही, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन काम करून घेणार नाही.

आणि ड्रमाचं दुसरं आयुष्य. निळे प्लॅस्टिकचे ड्रम, पत्र्याचे ड्रम आपल्या घरोघरी पाण्यासाठी आहेत. मराठवाड्यात पाणी साठवणं ही हौस नाही, गरज आहे. पण त्या ड्रमात आधी काय होतं हे विचारल्याशिवाय तो घरात आणू नका. कीटकनाशकाचा, कॉस्टिकचा, कुठल्याही औषधी रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी पाण्याला नाही. यवतमाळमध्ये २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. विष नाकातोंडातूनच जातं असं नाही, कातडीतूनही जातं. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, कमी विषारी.

वाचवायला उतरलेला माणूस

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात, शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गेले. आपल्याच समाजाचे, आपापसांत नात्यातले. अशा घटनेत नेहमी होतं असं की पहिला आत पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा दुसऱ्याला. आतला गॅस बहुधा हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच मरतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच तो जास्त असतो. मळीची टाकी, विहीर, धान्याचं पेव, टँकरचं पोट, सगळीकडे हाच धडा. आतला माणूस निपचित पडलाय म्हणजे आतली हवा जगण्याजोगी नाही. त्याला दोरीनं वर ओढता आलं तर ओढा, तुम्ही उतरू नका. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच कमरेला दोर बांधलेला हवा आणि दोराचं दुसरं टोक धरणारा माणूस वर हवा.

आपल्यात कुणी म्हणतं, मौत लिखी थी, लिहिलेलं चुकत नाही. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांनी मनाला आधार म्हणून हे म्हणावं, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण मालकानं, ठेकेदारानं, नगरपालिकेनं ते म्हणू नये. आणि आपणही काम सुरू व्हायच्या आधी ते म्हणू नये. तवक्कुल म्हणजे दोर न बांधणं नव्हे.

माणसानं टाकीत उतरून मैला काढणं २०१३ च्या कायद्यानं बंद केलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरीही माणसं उतरतात, कारण उतरणारे ठरलेल्याच जातींचे, ठरलेल्याच बिरादऱ्यांचे असतात आणि त्यांच्या जिवाची चौकशी होत नाही. धोका सगळ्यांना सारखा वाटलेला नाही. हे कायद्याच्या भाषेत मांडायला आपण शिकलं पाहिजे.

भाषा थोडी देतो. रस्त्यावरच्या अपघातात चूक कुणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. धोकादायक रसायनानं कामगार सोडून इतर कुणाला इजा झाली तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथंही चूक सिद्ध करावी लागत नाही. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकानं द्यायची, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. आणि भोपाळनंतर वर्षभरानं दिल्लीत एका कारखान्यातून गंधकाच्या ॲसिडचा वायू सुटला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घातक धंदा करणाऱ्याला "आम्ही काळजी घेतली होती" ही सबब चालणार नाही. पण या सगळ्याला कागद लागतो. हजेरीचा, पगाराचा, दवाखान्याचा. रोजंदारीवर पोरगा ठेवताना त्याचं नाव वहीत लिहा. तेवढी एक ओळ उद्या त्याच्या घरच्यांना उभं करेल.

घरातलं

बहिणींसाठी दोन गोष्टी, आणि भावांसाठीही, कारण संडास धुणं फक्त बायकांचं काम नव्हे. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन निघतो, तोच शिवडीचा. बंद बाथरूममध्ये थोडाही पुरे होतो. आणि ॲसिड कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. लेकरू बाटलीचा आकार ओळखतं, आतलं नाही.

बॅटरीवाल्यांनी लक्षात ठेवावं की ॲसिड पाण्यात हळूहळू ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, नाहीतर ते उकळून तोंडावर उडतं. कॉस्टिक हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं, लगेच आग होत नाही, म्हणून माणूस धुवायला उशीर करतो आणि ते आत खात जातं. काहीही उडालं तर कपडे काढा, लाज बाळगू नका, आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर तेवढाच वेळ पापणी उघडी धरून. तूप, हळद, पेस्ट काही लावू नका. पोटात गेलं असेल तर उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात डबा किंवा त्याच्यावरचा कागद बरोबर न्या. डॉक्टरला रुग्णाइतकंच त्या कागदाचं काम असतं.

काय करायचं

मला काहींनी विचारलं, तुम्ही सॉफ्टवेअरवाले, एखादं ॲप का नाही बनवत? बनवता येईल. पण धूर पसरलेला असताना, घाबरलेल्या माणसाच्या मोबाईलला रेंज नसताना ॲप काय कामाचं? माझं मागणं साधं आहे. चौकात मराठी, हिंदी, उर्दूत एक मोठी पाटी हवी, तिच्यावर ते नऊ नंबर, ११२ आणि १०८. प्रत्येक गॅरेजात पाण्याचा भरलेला ड्रम, अर्थात स्वच्छ पाण्याचा, आणि त्याला नळ. वेल्डरांचा आपसातला ठराव, सही करून, भिंतीवर चिकटवलेला. भंगाराच्या दुकानात सिलिंडर न घेण्याचा नियम. आणि ग्रामसभेत एक लेखी मागणी: आपल्या रस्त्यावरून काय जातं, उलटलं तर कोण येणार, किती वेळात आणि काय घेऊन, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून लेखी मिळावं. उत्तर येईपर्यंत दर ग्रामसभेत तोच अर्ज.

यातली पाटी पुढच्या आठवड्यात होऊ शकते. मजकूर मी लिहून आणला आहे. रंगवणारा पेंटर तुमच्यातच बसलाय, त्यानं मघाशीच हात वर केलाय. उर्दूचा मजकूर कुणीतरी तपासून द्या, माझं शुद्धलेखन कच्चं आहे.